चौकट : आडोसा, पण हिरवा

धुळ्यात पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात काय किंवा शहरातल्या इतर कॉलन्यांत काय, घरं शेजारी दुमजली होत गेली आणि अंगणातली खाट समोरच्या गच्चीतून दिसू लागली. भिंत उंच केली तर वारा अडतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तापलेली भिंत रात्रीही झळा सोडते. त्यापेक्षा वेल बरा.

भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून बांबूच्या कामट्यांची जाळी उभी करा. वारा खेळता राहतो. मृगाच्या पावसावर लावलेलं गिलकं दीड-दोन महिन्यांत जाळी झाकतं, भाजीही देतं. हंगाम संपला की मात्र वाळतं. कायमच्या पडद्यासाठी मधुमालती: फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी, शेवटी लाल. वेल जड होतो, म्हणून त्याला लोखंडी आधार हवा.

कुंपणाला मेंदी फूटभर अंतरावर लावावी. ती कमी पाण्यावर तगते आणि छाटणीने दाट होते. जुन्या कुंपणांतला शेर लहान मुलं असलेल्या घरी नकोच, त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो. पश्चिमेला जागा असेल तर कडुनिंब लावा. दुपारचं ऊन आणि वरच्या मजल्याची नजर, दोन्ही तोच अडवतो.