कापलेल्या कोबीच्या खुंटावर

पत्ताकोबीचा गड्डा कापून बाजारात गेला की वावरात उरतो वीतभर खुंट आणि बाहेरची चार-सहा जाड पानं. अकोला-अमरावतीकडे तो बहुधा उपटून ढोरांपुढे टाकतात. मला हे दरवर्षी खटकतं. गोल्डन एकरसारखं लवकर येणारं वाण लावणीनंतर 60-65 दिवसांत निघतं. ऑक्टोबरात लावलेली कोबी डिसेंबरात कापली जाते आणि खरी थंडी तर तेव्हा कुठे पडलेली असते! खारपाणपट्ट्याबाहेर, जिथे विहिरीला गोडं पाणी आहे, तिथे हा खुंट राखावा.

काही दिवसांत देठ आणि खुंट यांच्या बेचक्यात हिरवा टिपका दिसतो. बोटाला टणक लागतो. पहिली पानं उघडून बाहेर वळतात. नंतरची आत वळतात आणि एकमेकांवर घट्ट बसत जातात. जानेवारी सरता सरता एका खुंटावर लिंबाएवढे तीन-चार गड्डे धरलेले असतात. एखादा उभा चिरून पाहा. मधे पांढरा दांडा, भोवती घड्या पडलेली पानं, सगळी रचना मोठ्या कोबीचीच.

मोठा गड्डा म्हणजे झाडाचा न उघडलेला शेंडा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे फुटतात. फांद्या वाढाव्यात म्हणून तुरीचे शेंडे खुडतात, ते याच कारणाने.

ब्रसेल्स स्प्राउट ही युरोपातली भाजी कोबीच्याच जातीची. तिच्या उंच दांड्यावर शेंडा न कापताही पानापानाच्या बगलेत गड्डा धरतो. पण तिला तीन-चार महिने सलग गारवा हवा. वऱ्हाडात फेब्रुवारीतच ऊन चटकू लागतं, म्हणून तिचं महाग बियाणं आणून इथे वावर अडवण्यात मला अर्थ दिसत नाही. खुंटाला आपली एवढीशी थंडी पुरते.

गड्डा कापताना खालची पानं मात्र तोडू नका. नव्या कोंबांना अन्न तीच पुरवतात. जोमदार तीन-चार कोंब ठेवून बाकीचे काढा, पाणी तुटू देऊ नका. मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. आणि ऊन वाढायच्या आत गड्डे काढून घ्या, नंतर पानं सैल पडतात.