अंग आंबते म्हणजे काय?

मराठी भाषेत काही शब्दप्रयोग इतके चपखल आहेत की, त्यांच्यापुढे शास्त्रीय परिभाषाही फिकी वाटावी. 'अंग आंबणे' हा त्यांपैकीच एक. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारणारा, सुट्टीत अचानक गड चढून आलेला किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावू लागलेला, असा कोणीही दुसऱ्या दिवशी हाच शब्द उच्चारतो. मी भाषेची विद्यार्थिनी. त्यामुळे या शब्दाचे कुतूहल मला प्रथम वाटले आणि त्याच्या मागोमाग शरीरशास्त्राची पुस्तके चाळावी लागली. त्या वाचनातून जे हाती आले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. पावसाळा सरला की आपल्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची गर्दी होते आणि तीन-चार आठवड्यांत ती निम्म्यावर येते. गळालेल्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले: "व्यायामाने म्हणे ताकद येते, आमची होती तीसुद्धा गेली. वर्गात डोळे उघडे राहत नाहीत." या उत्तराला आपण आळस म्हणतो आणि मोकळे होतो. मुलगी असेल तर 'तिला झेपत नाही' असा निकालही देतो. ज्यांच्या घराचे सारे लक्ष त्या एका भरतीकडे लागलेले असते, त्यांच्या बाबतीत हा निकाल फार महाग पडतो. म्हणून नव्या व्यायामाचा थकवा कोठून येतो, त्यातला कोणता सोसावा आणि कोणता सोसू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे.

'आंबणे' या शब्दात आम्ल आहे, आणि गंमत अशी की शास्त्रज्ञही बराच काळ आम्लालाच दोष देत होते. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून दुग्धाम्ल वेगळे काढले. पुढे १९०७ साली फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून, थकलेल्या स्नायूत हेच आम्ल साठते आणि प्राणवायू मिळाला की नाहीसे होते, असे दाखविले. स्नायूंवरील याच दिशेच्या संशोधनासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून 'दुग्धाम्ल साठते म्हणून अंग दुखते' हे वाक्य व्यायामशाळांतून जे पसरले, ते आजही ऐकू येते.

परंतु हे म्हणणे आता टिकत नाही. व्यायाम थांबविल्यावर साधारण तासाभरात ते वाढलेले प्रमाण पूर्ववत होते; इतकेच नव्हे, तर हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोगही करतात. अंग मात्र दुखते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जो पदार्थ तासाभरात निघून जातो, तो उद्याच्या दुखण्याचा गुन्हेगार कसा ठरेल?

खरे कारण अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हॉ यांनी १९०२ सालीच सुचविले होते. उशिरा येणारे हे दुखणे स्नायूंच्या आत झालेल्या बारीक फाटाफाटीचे असावे, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने या मताला बळकटी आणली. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंची सूक्ष्म रचना ठिकठिकाणी विस्कटते. मग दुरुस्तीसाठी तेथे रक्तातील पेशी धावतात, थोडी सूज येते, आणि एक ते तीन दिवसांच्या दरम्यान दुखणे सर्वांत जास्त जाणवते. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, तर ही मोडतोड अधिक होते. गड चढताना दम लागतो. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ज्या मांड्या कुरकुरतात, त्या गड उतरल्यामुळे. बैठक मारतानाही वर येण्यापेक्षा सावकाश खाली जाण्याने मांड्या जास्त भरून येतात. दिलासा असा की, तोच व्यायाम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केला तर दुखणे बरेच कमी होते. एका अनुभवातूनच स्नायू शहाणा होतो.

हे झाले दुखण्याचे. पण अंगातली शक्तीच गेल्यासारखी का वाटते? याचे एक कारण अगदी घरगुती आहे. धावण्यासाठी लागणारी साखर शरीर आपल्या कोठारात साठवून ठेवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ३०० ते ५०० ग्रॅम. पहाटेच्या मेहनतीने स्नायूंतले हे कोठार उतरते आणि पोटभर पिष्टमय अन्न मिळाले तरी ते पुरते भरायला साधारण एक दिवस लागतो. आता आपला विद्यार्थी काय करतो? पहाटे उपाशी पोटी धावतो, चहाबरोबर दोन बिस्किटे खातो आणि एस.टी. पकडून महाविद्यालयात येतो. दुपारी डबा उघडेपर्यंत कोठार रिकामेच. तासाला पेंग आली तर दोष व्याख्यानाचाच असतो असे नाही!

दुसरे कारण झोपेचे. पाचला उठणारा पूर्वीइतक्याच उशिरा, बाराला, झोपला तर हिशेब सरळ आहे. प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप हवी आणि दुरुस्तीचे पुष्कळसे काम त्याच वेळेत होते.

तिसरे कारण डोक्यात आहे, आणि त्याची हकीकत प्राध्यापकवर्गाला आवडावी. इटलीतील तुरीन येथील आंजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन ओढून थकवा मोजण्याचे यंत्र तयार केले. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या आपल्या सहकाऱ्याचे बोट त्यांनी या यंत्रावर तपासले, तेव्हा त्या बोटाची शक्ती चांगलीच घटलेली आढळली. बोटाने तर काहीच काम केले नव्हते. थकला होता मेंदू. मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर एक प्रयोग झाला. नव्वद मिनिटे डोके शिणविणारे काम केल्यानंतर सायकल चालविणारे लोक नेहमीपेक्षा लवकर थकून थांबले, आणि तेही हृदय व स्नायू यांची स्थिती फारशी वेगळी नसताना. तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात व्यायाम एकदम वाढवू नये, हे सांगायला वेगळ्या शास्त्राची गरज नाही.

मग एवढे सोसून मिळते काय? पुष्कळ मिळते; पण उशिरा आणि न दिसता मिळते. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढू लागतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जे बळ वाढते, ते मुख्यतः मज्जातंतूंनी स्नायूंना अधिक चांगले हुकूम देण्यामुळे. दंडाचा घेर त्यानंतर वाढतो. पेशींमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने शक्ती निर्माण करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात, त्यांची संख्या वाढायलाही काही आठवडे लागतात. म्हणजे खर्च पहिल्या दिवसापासून आणि मिळकत महिन्याभराने, असा हा व्यवहार आहे. बहुतेक मुले मैदान सोडतात ती नेमकी मिळकत सुरू होण्याच्या सुमारास. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शरीर घडते ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत. मैदानावर फक्त त्याची मागणी नोंदविली जाते. विश्रांतीचा दिवस म्हणजे चुकविलेला दिवस नव्हे.

परंतु प्रत्येक थकवा असा गुणी नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. तेच कमी असेल तर धावणारीने कितीही जिद्द धरली तरी स्नायूंना प्राणवायू अपुराच पडणार. 'तिला झेपत नाही' असे आपण ज्या मैत्रिणीबद्दल म्हणतो, तिच्या जिद्दीत कदाचित काहीच उणे नसेल, रक्तात लोह उणे असेल. रक्ताची एक साधी तपासणी हा प्रश्न सोडवते. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली आकडा असेल तर डॉक्टरांना भेटावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते. उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळावे, त्याने ते अधिक शोषले जाते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. अशांनी उन्हातान्हात एकदम जीव तोडून धावणे धोक्याचे असते.

काही खुणा तर थांबण्याचा हुकूमच समजाव्यात. छातीत दुखणे, भोवळ येणे, ताप असणे, या स्थितीत धावू नये. अतिरेकी जोर-बैठकांनंतर स्नायू टणक सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांवर आघात करीत असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शिक्षा म्हणून किंवा थट्टेखातर नवख्याला शेकडो उठाबशा काढायला लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवारांचे प्राण गेले. २०२४ च्या भरतीत हे अंतर पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर होते. अंतर घटले म्हणून तयारी आठ दिवसांत उरकता येईल, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. पहिले दोन आठवडे शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने, चालत-धावत जावे. एक दिवस आड मेहनत करावी. निघण्यापूर्वी एखादे केळे आणि परतल्यावर तासाभरात पोळी-भाजी, पोहे, शेंगदाणे, दूध, अंडे, घरात जे असेल ते पोटभर खावे. सकाळी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजावी. ती काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त भरली, तर त्या दिवसांत मेहनत कमी करावी. आणि एवढे सांभाळूनही महिन्याभरात थकवा उतरला नाही, तर मनाला दोष न देता रक्त तपासून घ्यावे.

अंग आंबले तर घाबरू नये. दूध विरजले की दही लागायला रात्र जाऊ द्यावी लागते. मध्येच भांडे हलविणारा आणि घाईने ओतून टाकणारा, दोघांनाही दही मिळत नाही.