नाताळचा सण आणि खरे माप

इंग्लंडातील नाताळ म्हटला की रोषणाई, मेजवान्या व देवळांतील घंटानाद आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु गरिबाच्या सणाचा गोडवा दुकानदाराच्या तराजूवर अवलंबून असतो, हे लँकाशायर परगण्यातील रॉचडेल या बाजारपेठेच्या गावाने जगास दाखविले. तेथील विणकरांस व मजुरांस तुटपुंज्या मजुरीत उधारीने भेसळीचा माल घ्यावा लागे. अखेर २८ जणांनी पै-पैसा साठवून २८ पौंड भांडवल उभारले. आणि १८४४ साली, नाताळास चारच दिवस उरले असता, २१ डिसेंबरच्या सायंकाळी टोड लेन या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. माल तो केवढा? थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा व काही मेणबत्त्या! लोक हसले. परंतु शुद्ध माल, पुरे माप, रोख व्यवहार आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी, हे नियम त्यांनी सोडिले नाहीत. स्त्रियांसही सभासदत्व दिले. आज सहकाराची तत्त्वे त्या गावाच्याच नावाने ओळखली जातात.

सणाच्या गर्दीत गिऱ्हाईक घाईत असते, तराजू निरखीत नाही. व्यापाऱ्याच्या सचोटीची खरी परीक्षा तेव्हाच होते. त्या क्षणी मापात मारलेला छटाकही गरिबाच्या पोराच्या ताटातून जातो, हे आमच्या व्यापारी बंधूंनी विसरू नये.