मरणाचा हिशेब ठेवणारी माणसे

बँकेतून निवृत्त झालेल्या कोणालाही ९.८१ हा आकडा विचारून पाहा. नातवंडांचे वाढदिवस तो एक वेळ विसरेल, पण हा आकडा विसरणार नाही. साठाव्या वर्षी निवृत्त होताना पेन्शनचा एक तृतीयांशपर्यंतचा भाग सोडून रोख रक्कम घेता येते. याला आम्ही 'कम्युटेशन' म्हणतो. सोडलेल्या दरमहा रकमेला बाराने आणि मग ९.८१ ने गुणायचे. हजार रुपये सोडले तर हाती येतात १ लाख १७ हजार ७२० रुपये. पुढे पंधरा वर्षे ते हजार रुपये दरमहा कापले जातात, म्हणजे एकूण १ लाख ८० हजार. "बासष्ट हजारांना बुडवलं की हो आपल्याला!" असे आमच्या पेन्शनरांच्या बैठकीत दर वर्षी कोणीतरी म्हणतोच.

या फरकात दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली व्याजाची. आज हाती आलेला रुपया आणि चौदा वर्षांनी मिळणारा रुपया सारखे नव्हेत, हे बँकेत जन्म घालवलेल्यांना वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट बैठकीत कोणी उच्चारत नाही. साठीला निवृत्त झालेल्यांपैकी काही जण ती पंधरा वर्षे पुरी करत नाहीत. त्यांची उरलेली कपात कोणी वसूल करत नाही, की पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही हात लावत नाही. न फिटलेल्या त्या हप्त्यांचा भार आकडा ठरवतानाच सर्वांवर वाटलेला असतो. म्हणजे आपल्यातले किती जण वाटेत गळणार, हे कोणीतरी आधीच मोजलेले असते! केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी हाच आकडा सहाव्या वेतन आयोगानंतर ८.१९४ झाला. माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगू लागली असूनही तो घटला, कारण हिशेबात धरलेला व्याजाचा दर पावणेपाच टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर गेला. (कपातीची वर्षे कमी करा, ही पेन्शनरांची मागणी मला रास्त वाटते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

हे मोजणारा तो ॲक्चुअरी. मराठीत 'विमागणिती' असा छान शब्द आहे, पण तो वापरला की समोरचा माणूस ज्योतिषी समजतो. नोकरीत काही वर्षे मी आस्थापना विभागात होतो. दर ३१ मार्चला आम्ही यादी करायचो : जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, मूळ वेतन. त्या यादीत माझेही नाव असे. ती विमागणितींकडे जाई आणि ग्रॅच्युइटी व पेन्शनसाठी बँकेने किती रक्कम बाजूला ठेवावी, याचा आकडा परत येई. कोण कधी जाणार, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसे. हजारांतून किती जाणार, एवढेच ते सांगत.

ही विद्या जुनी आहे. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला. लंडनमध्ये १७६२ साली अशा गणितावर 'इक्विटेबल' ही विमासंस्था उभी राहिली आणि 'ॲक्चुअरी' हे पदनाम तिथूनच रूढ झाले. गंमत अशी, की पोटातूनच हे शास्त्र घेऊन जन्मलेल्या या संस्थेला डिसेंबर २००० मध्ये नव्या ग्राहकांसाठी दार बंद करावे लागले. ठरावीक दराने पेन्शन देण्याची हमी तिने पूर्वी देऊन ठेवली होती. पुढे व्याजदर उतरले, माणसांचे आयुष्य वाढले आणि दिलेला शब्द पेलेना. हजारो वृद्धांची पुंजी आटली.

म्हणूनच या परीक्षा इतक्या कडक असाव्यात. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा, मग संख्याशास्त्र, वित्तगणित, अर्थशास्त्र, जोखमीची प्रतिमाने असे बारा-तेरा पेपर. नुसत्या पदवीने कोणी विमागणिती होत नाही. शिक्का देते ती इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया, १९४४ च्या जुन्या सोसायटीतून २००६ च्या कायद्याने उभी राहिलेली. एडिंबरोच्या हेरियट-वॉटसारख्या विद्यापीठांच्या पदवीने काही पेपरांतून सूट मिळते, पण तिथले शुल्क मध्यमवर्गाला झेपणारे नव्हे. माझ्या मते आपल्याकडे आधी संख्याशास्त्राची चांगली पदवी घ्यावी आणि पेपर बरोबरीने द्यावेत. पुणे विद्यापीठातल्या शैलजा देशमुख यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक २००९ साली आले. ते चाळले तरी आपला पिंड या गणिताचा आहे की नाही, हे मुलांना कळेल.

माझी भाची त्याच वाटेवर आहे. वय सत्तावीस, आठ पेपर झाले, एकात तीनदा आपटली. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. तिची आई मला विचारते, "दादा, सीए तरी झाली असती. ही कसली न संपणारी शाळा?" तिची काळजी खोटी नाही. सगळे पेपर संपवायला आठ-दहा वर्षे लागणे नवलाचे नाही आणि अनेक जण मधेच सोडतात. पण सोडणाऱ्यांचेही वाया जात नाही. चार-पाच पेपर झालेल्यांना विमा कंपन्या, सल्लागार संस्था नोकरी देतात. प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त विमागणिती ठेवावाच लागतो. मात्र तिथवर पोहोचणारे मोजके. केवळ पगाराचे आकडे ऐकून मुलांना यात ढकलणाऱ्या पालकांनी तेवढे ध्यानात घ्यावे.

आयुर्विम्याच्या पलीकडेही मोटारीचा, आजारपणाचा, पिकाचा विमा आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून पीकविमा एका रुपयात होता. २०२५ मध्ये ती सवलत संपली आणि शेतकऱ्याकडून खरिपाला दोन, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा सुरू झाला. विमागणिती दर त्याहून पुष्कळ जास्त निघतो; वरचा भार केंद्र आणि राज्य सरकारे उचलतात. तो दर जिल्ह्याच्या मागच्या उत्पादनावरून निघतो.

भाची सध्या त्याच विभागात आहे, मुंबईत, विसाव्या मजल्यावर. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "मामा, बीडच्या सोयाबीनचे आकडे बघतेय. दुबार पेरणी म्हणजे नेमकं काय होतं? बियाणं परत विकत घ्यावं लागतं का?" मी तिला गावाकडच्या चुलतभावाचा नंबर दिला. ती दोघे तासभर बोलत होती म्हणे.