रबराला धागा धरतो कसा?

कर्जतहून खोपोलीला आणि पुढे बोरघाटाकडे जाताना रस्त्याकडेला फाटक्या टायरांचे तुकडे दिसतात. असा एक तुकडा आम्ही वर्गात नेला. मुलांना रबरात धागे सापडले आणि लगेच प्रश्न आला : हे चिकटवले कशाने?

रबर आणि धागा ही दोन्ही बहुवारिके, म्हणजे साखळीसारखे लांबलचक रेणू. रबर लवचीकपणा देते, धागा ताण सोसतो. मोटारगाड्यांच्या टायरांत हा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. खालापूर तालुक्यात पाताळगंगेला १९८२ साली रिलायन्सचा कारखाना सुरू झाला, तो पॉलिएस्टर धाग्याचाच.

पण या दोघांचे आपसांत जमत नाही. रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. त्यांच्या आधाराने गंधक शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतो. पॉलिएस्टरवर गंधकाला अशी जागा मिळत नाही. म्हणून मध्यस्थ लागतो. ड्यू पॉन्ट कंपनीच्या संशोधकांनी तो १९३०च्या दशकात शोधला : रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे रेझिन आणि रबराचा चीक यांचे मिश्रण. धागा यात बुडवून भट्टीत तापवतात. रेझिन धाग्याला धरते. पुढे साच्यात, सुमारे १५० अंश सेल्सिअसला, गंधकाचे पूल चिकातून टायरच्या रबरात जातात. नायलॉनमधील अमाइड गट रेझिनला सहज धरतात. पॉलिएस्टरमध्ये ते नसल्याने त्यावर आधी इपॉक्सी किंवा आयसोसायनेटचा हात द्यावा लागतो.

केसाहून पातळ अशा या थरावर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो. उष्णतेने हे बंध दुबळे होतात, थर सुटतात आणि भरधाव गाडीचा टायर फुटतो.

वर्गात हे करून पाहा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घासून घ्या आणि दोन्हींना पंक्चरचे सोल्युशन लावा. एकावर ठिगळ लगेच दाबा, दुसऱ्यावर सोल्युशन सुकल्यावर. (खिडक्या उघड्या ठेवा; जवळ विस्तव नको.) दुसऱ्या दिवशी दोन्ही ओढून पाहा. ओल्या तुकड्यात द्रावक मध्येच अडकतो, साखळ्यांची गाठ नीट पडत नाही. पंक्चरवाला ‘जरा सुकू द्या’ म्हणतो, त्यामागचे रसायनशास्त्र हेच. आणि घरी गाडी असेल तर घाटात जाण्यापूर्वी हवा तपासायला मुलांनीच सांगावे.