स्पॉकच्या कानावर घातलेली गोष्ट

विज्ञानकथांचे चाहते एकत्र जमले की काय बोलतात, हे बाहेरच्या माणसाने पाच मिनिटं ऐकलं तर त्याला हसू आवरणार नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या डॉक्टर मॅकॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणजे मुळात मीठदाण्या होत्या, अशा कुठल्या तरी गोष्टीवरून विषय निघतो. गोष्ट खरी आहे. 8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेत या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला, त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी होता. त्या भागासाठी पुढच्या शतकातल्या वाटाव्यात अशा मीठदाण्या बाजारातून आणल्या. पण त्या इतक्या चमत्कारिक दिसत होत्या की या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळणारच नाही, अशी शंका आली. शेवटी पडद्यावर साध्याच मीठदाण्या गेल्या आणि आणलेल्या नव्या वाया जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांच्या हाती आल्या. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवून दाखवण्याचा खर्च झेपेना, म्हणून माणसं इथे विरघळून तिथे प्रकट होण्याची युक्ती निघाली, हेही चाहत्यांना तोंडपाठ असतं. गंमत पुढेच आहे. थोड्या वेळाने हीच मंडळी नोकरीतला जाच, मुलाचं शिक्षण, आईचं दुखणं यांवर बोलू लागतात, एकमेकांना सल्ले देतात. पडद्यामागच्या या फुटकळ माहितीला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणं सोपं आहे. पण तिच्यावाचून पुढचं बोलणं सुरूच झालं नसतं, आणि हे बोलणं विज्ञानकथेच्या जगात काही योगायोगाने आलेलं नाही.

ही रीत दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. त्यातल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापला जाई. कथेतलं विज्ञान कुठे चुकलं, रॉकेटचा वेग तेवढा असू शकतो का, असल्या वादांची ती पत्रं असत. पत्ता हाती आल्यावर वाचक संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले, मग भेटू लागले. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन शाळकरी मित्रांनी याच नादात घरगुती विज्ञानकथापत्रिका काढली. पुढे 1938मध्ये या जोडीचा सुपरमॅन जगापुढे आला. लॉस एंजेलिसच्या चाहत्यांच्या मंडळात रे ब्रॅडबरी नावाचा, खिशात फारसे पैसे नसलेला तरुण येत असे. 1939मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा मंडळातल्याच फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांनी त्याला प्रवासासाठी उसने पैसे दिले. उसने पैसे काही कथेवरच्या मतभेदातून मिळत नाहीत, ते ओळखीतून मिळतात. पण ती ओळख झाली होती कथेमुळेच. अनोळखी माणसापुढे कोणी आपल्या दुःखाने सुरुवात करत नाही. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात 'गाव कोणतं?' विचारून जे साधतं, ते चाहत्यांमध्ये 'हा भाग पाहिलात का?' विचारून साधतं.

मग क्रिकेटवेड्यांत किंवा नाट्यसंगीताच्या रसिकांत आणि यांच्यात फरक काय? माझ्या मते फरक कथेच्या विषयात आहे. विज्ञानकथेत परका, वेगळा, कुठेच न बसणारा जीव सतत मध्यभागी असतो. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक हा व्हल्कन ग्रहावरच्या बापाचा आणि पृथ्वीवरच्या आईचा मुलगा, टोकदार कानांचा, दोन्ही घरांत उपरा. 1968मध्ये अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलीने त्याला पत्र लिहिलं. म्हणजे अभिनेते लेनर्ड निमॉय यांना नव्हे, थेट स्पॉकला. तिची आई कृष्णवर्णीय होती आणि वडील गोरे. दोन्हीकडची मुलं तिला आपलं मानत नव्हती. तिला स्पॉकचं दुःख ओळखीचं वाटलं आणि तिने त्याच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं. तरुणांसाठीच्या 'फेव्ह' या मासिकात निमॉय यांनी सविस्तर उत्तर दिलं. त्यांनी 'सगळं ठीक होईल' म्हणून बोळवण केली नाही. स्पॉकच्या बालपणाची गोष्ट रचून सांगितली: व्हल्कन मुलांनी त्याला दूर ठेवलं, माणसांतही तो बसेना, आणि मग घोळक्यात लोकप्रिय होण्यापेक्षा स्वतःची योग्यता वाढवण्याचा मार्ग त्याने धरला. एकट्याने उभं राहायला धैर्य लागतं, हेही त्यांनी लपवलं नाही. पत्र लिहिणाऱ्या मुलीचं वय आणि तेव्हाची अमेरिका लक्षात घ्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ते हेच वर्ष. जी गोष्ट शाळेत कुणापुढे काढणं तिला जड गेलं असेल, ती एका काल्पनिक ग्रहावरच्या माणसाच्या कानावर घालता आली.

याच स्पॉकचा हात वर करून चार बोटं दोन-दोन फाकवण्याचा नमस्कार जगभर माहीत आहे. त्यामागची हकीकत चाहते हमखास सांगतात, आणि ती निमॉय यांनी स्वतः सांगितलेली आहे. बॉस्टनमध्ये लहानपणी ते ज्यू प्रार्थनामंदिरात जात. तिथे आशीर्वाद देताना पुरोहित हाताची अशी मुद्रा करत. त्या वेळी मान खाली घालून डोळे झाकायचे असत. या मुलाने चोरून पाहिलं. 1967मध्ये व्हल्कन लोकांच्या अभिवादनाचा प्रसंग आला, तेव्हा त्यांना ती मुद्रा आठवली. ही हकीकत ऐकणाऱ्याला नुसती चित्रीकरणातली गंमत कळत नाही. युक्रेनमधून आलेल्या एका स्थलांतरित कुटुंबाचं घर, त्यांची उपासना, तिथलं एक खोडकर पोर, एवढं सगळं तिच्यात येतं. अशी हकीकत ऐकली की समोरच्यालाही आपल्या आजोबांचं काहीतरी आठवतं. फुटकळ माहिती आणि घरगुती गोष्ट यांच्यातली रेघ मुळातच पुसट असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चाहते म्हणजे समुपदेशक नव्हेत. नैराश्याशी किंवा संसारातल्या छळाशी झगडणाऱ्या माणसाने त्यांच्या सल्ल्यावर विसंबणं धोक्याचं आहे. हे खरंच आहे, आणि जाणत्या चाहत्याने अशा वेळी डॉक्टरांचं नाव सुचवावं हे बरं. पण माणूस डॉक्टरांपर्यंत जाण्याआधी कुणाजवळ तरी पहिल्यांदा तोंड उघडतो, आणि ते तोंड उघडणंच अवघड असतं. दुसरा आक्षेप पळवाटेचा: खऱ्या जगाला तोंड देता येत नाही म्हणून हे लोक परग्रहावर रमतात. याला उत्तर म्हणून मी बीजो ट्रिम्बल या चाहतीचं काम पुढे ठेवीन. 'स्टार ट्रेक' बंद पडणार अशी चिन्हं दिसताच त्यांनी पतीसह पत्रमोहीम उभी केली, आणि मार्च 1968मध्ये वाहिनीला मालिका पुढे चालू राहणार असं पडद्यावर जाहीर करावं लागलं. त्याच बाईंनी पुढच्या वर्षी मालिकेतली पात्रं, ग्रह, यंत्रं यांचा बारीकसारीक तपशिलांचा कोश छापला. फुटकळ माहितीची आवड आणि लोक जमवण्याची धमक एकाच माणसात सुखाने नांदते, हे त्यात दिसतं.

तपशिलांच्या या वेडाचा खरा उपयोग मात्र जपणुकीत झाला. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, पुन्हा दाखवण्याची शक्यता कमी होती, म्हणून संस्थेने जुने भाग पुसून त्याच फितींवर नवे कार्यक्रम ध्वनिचित्रित केले; परदेशी पाठवायच्या फिल्मही पुढे नष्ट केल्या. सुरुवातीच्या काळातले शंभराच्या आसपास भाग असे हरवले. पण काही पोरांनी घरच्या दूरचित्रवाणी संचाला टेपरेकॉर्डर लावून भागांचा आवाज उतरवून ठेवला होता. घरच्यांनी त्यांना वेड्यातच काढलं असणार. आज चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे तो या पोरांमुळे, आणि 2016मध्ये बीबीसीने त्याच आवाजावर एका हरवलेल्या कथेचं चलच्चित्र नव्याने रेखाटून घेतलं. 2013मध्ये नायजेरियात नऊ हरवलेले भाग मिळाले, तेव्हा जगभर बातमी झाली. 'स्टार ट्रेक'च्या एंटरप्राइझ यानाचं सुमारे अकरा फुटी मूळ मॉडेल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायू आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्यावर वेळोवेळी रंगाचे हात चढले होते. ऑगस्ट 1967मधलं त्याचं रूप परत आणायचं ठरलं, तेव्हा 2015मध्ये संग्रहालयाने 1976 पूर्वी कुणी या मॉडेलचे फोटो काढले असतील तर द्या, असं लोकांनाच आवाहन केलं. ज्या तपशिलांना आपण चिल्लर म्हणतो, ते मागायला एवढ्या मोठ्या संस्थेला चाहत्यांकडे यावं लागलं.

तरीही सगळ्यात जड आक्षेप उरतोच. माहितीची परीक्षा होते. नवख्याला, त्यातही मुलीला, 'कितव्या भागात काय झालं सांग' असं विचारून गप्प बसवणारे महाभाग याच मंडळींत आहेत. 1939च्या त्या पहिल्याच संमेलनात आयोजकांनी फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोलहाइम वगैरे सहा चाहत्यांना आपसातल्या राजकारणापायी आत येऊ दिलं नव्हतं. परक्यांना आपलं मानणाऱ्या कथांच्या चाहत्यांनीच आपली माणसं परकी केली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र दोष माहितीत नाही, ती कशासाठी वापरली जाते त्यात आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगावं, विचारू नये, एवढा साधा शिष्टाचार पाळला तर मीठदाणीची गोष्ट नवख्यालाही आपलंसं करते.

मराठीत विज्ञानकथा काही कमी वाचली गेली नाही. 'नवल'सारख्या मासिकांनी अद्भुताची आवड लावली. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे तर सर्वश्रुत आहे. 1980च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहणारी मुलं आज पन्नाशीत आहेत. लेखकांच्या आठवणी आपण नोंदवल्या, वाचक-प्रेक्षकांच्या फारशा नोंदवल्या नाहीत. तेव्हा माळ्यावर जुने अंक, वाचकांची पत्रं, कात्रणांच्या वह्या, टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेटी असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा चाळा. तारीख आणि नाव आठवत असेल तर त्यावर लिहा, आणि ज्या मित्रामुळे हे वेड लागलं त्याला एक फोन करा.