मोजून नेतात, मोजून आणतात!

सायकल, ट्रेक, पक्षी, तारे... नागपूरच्या वीकेंडला आता ऑप्शन्सची कमी नाही. पण निघायचं कुणाच्या भरवशावर? एका ‘पळपुट्या’ सायकलस्वाराचे अनुभवाचे बोल!

रविवार, पहाटेचे पावणेपाच. डिसेंबरातली नागपूरची थंडी काय चीज आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. रजईतून हात बाहेर काढायची हिंमत होत नाही. तेवढ्यात उशाशी मोबाईल थरथरतो. ‘‘अबे, उठला का? आम्ही झिरो माइलला येऊन राहिलो!’’ शिव्या देत उठतो, कानटोपी चढवतो, सायकल जिन्यावरून खाली उतरवतो आणि गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मूड एकदम फ्रेश झालेला असतो. गेली काही वर्षं माझा रविवार असाच सुरू होतो.

त्याआधी कसा होता? पुण्याचे मित्र फोनवर हमखास टोमणा मारायचे, ‘‘तुमच्याकडे ना सह्याद्री, ना समुद्र. वीकेंडला करता काय रे? सावजी खाता आणि झोपता?’’ मी गप्प बसायचो. कारण मी खरंच तेच करत होतो!

आता मात्र मी त्यांना यादीच वाचून दाखवतो. रामटेक आणि खिंडसीचा तलाव, साधारण ५० किलोमीटर. पेंचचं सिल्लारी गेट, गाडीने दीडेक तास. पक्षी बघायचे तर शहराच्या कुशीतच गोरेवाडा आणि अंबाझरी. एका रात्रीचा प्रवास केला की पचमढी, म्हणजे साक्षात सातपुडा. आणि हे सगळं दाखवायला माणसंही आहेत. हौशी क्लब आहेत, ते खर्च वाटून घेतात. फी घेऊन कॅम्प नेणाऱ्या कंपन्या आहेत, तंबूपासून नाश्त्याच्या तर्री-पोह्यापर्यंत सगळं त्यांचं. हिमालय खुणावत असेल, तर युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक आहेत. शिवाय वनखातं आहेच. ऑफिसमधल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये असा एखादा ग्रुप सापडतो. मग यातला चांगला कोणता? त्याचा फंडा मला एका फजितीतून कळला.

‘डीएनएफ’ची गोष्ट

नागपुरात सायकलची क्रेझ वाढली, त्यात डॉ. अमित समर्थ यांचा वाटा मोठा. आपल्या गावच्या या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी ९ हजारांवर किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियनही मारली. त्या बातम्या वाचून ज्यांनी धूळ खात पडलेल्या सायकली पुसल्या, त्यातला मी एक.

सहा महिने सराव केला आणि ‘ब्रेव्हे’ला नाव दिलं. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत अंतर कापायचं एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. मूळ प्रकार फ्रान्सचा. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, १,२०० किलोमीटर, ९० तासांत. तो मेळा दर चार वर्षांनी भरतो. हातात एक कार्ड मिळतं आणि वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर नोंद करून घ्यायची. हेल्मेट सक्तीचं, रात्री पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, भूक लागली तर स्वतः शोधायचं. आणि अर्ध्यातून सोडून दिलं, म्हणजे ‘डीएनएफ’ झालं, तर आयोजकांना कळवायचं. हा शेवटचा नियम मी ऐकला होता. लक्षात ठेवला नव्हता.

आमचा रूट जबलपूर रोडचा. मनसर, देवलापार, खवाशाच्या पुढे जाऊन परत. मनसरच्या पुढे दोन्ही बाजूंना जंगल. हायवे काही ठिकाणी उचलून घेतलाय आणि खालची जागा जनावरांसाठी मोकळी सोडलीय. म्हणजे वरून आपण पॅडल मारत जायचं आणि खालून वाघोबा. सॉल्लिड फीलिंग असतं! पण परत येताना १४० व्या किलोमीटरला, देवलापारजवळ, मांडीत असा गोळा आला की सायकलवरून उतरताही येईना. दुपारचे तीन वाजले होते. ओळखीच्या एकाची पिकअप नागपूरकडे निघाली होती. सायकल मागे टाकली, मी पुढे बसलो. घरी आलो, गरम पाण्याने आंघोळ केली, वरण-भात खाल्ला, मेलेला मोबाईल चार्जिंगला लावला आणि सरळ झोपलो.

रात्री साडेनऊला जाग आली. मोबाईल सुरू केला, तर एकाच नंबरवरून १४ मिस्ड कॉल. फोन लावला.

‘‘काय बे, कुठं आहेस तू?’’

‘‘घरी... झोपलो होतो.’’

‘‘घरी? अबे, आम्ही इथं हायवेवर टॉर्च घेऊन तुले शोधून राहिलो!’’

साडेसातला वेळ संपली. निघाले होते ३१ जण. कार्डं आणि डीएनएफचे फोन मिळून हिशेब लागत होता ३० चा. मग दोन गाड्या उलट्या फिरल्या होत्या. प्रत्येक ढाब्यावर विचारपूस झाली होती. रस्त्याच्या कडेच्या नाल्यांमध्ये टॉर्च मारून झाले होते. एकजण तर वाटेतल्या दवाखान्यात जाऊन ‘कुणी सायकलवाला आला का’ म्हणून विचारून आला होता. या सगळ्यांना सकाळी ऑफिस होतं.

मग फोन काकांनी घेतला. वय साठीच्या पुढे, बँकेतून रिटायर, क्लबात सगळे त्यांना काकाच म्हणतात. मला वाटलं, आता आपली धुलाई. काका शांतपणे म्हणाले, ‘‘नीट आहेस ना रे बाबा? बस. मग आता आम्हीपण घरी जातो.’’

शिव्या परवडल्या असत्या!

पुढच्या रविवारी संत्रा बर्फीचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. काकांनी बर्फी खाल्ली, डबा पुढे सरकवला आणि एवढंच म्हणाले, ‘‘मेडल राहिलं तर चालते. माणूस राहिला नाही पाहिजे.’’

एक चहा उरला

काकांचं ते वाक्य मला इतकं का लागलं, ते सांगतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही १९ पोरं बाईकवरून एका तलावावर गेलो होतो. ना कुणी लीडर, ना कुणाला पाण्याची माहिती. दिवसभर दंगा केला आणि अंधार पडायला लागल्यावर निघालो. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्याच्या गाडीवर असेल. चार किलोमीटरवर टपरीशी थांबलो, १९ चहा सांगितले. ग्लास वाटून झाले आणि ट्रेमध्ये एक चहा तसाच उरला.

तो चहा बघून आमचे जे चेहरे झाले, ते आजही डोळ्यासमोर आहेत. गाड्या फिरवल्या. आमचा मित्र पलीकडच्या काठाला पाणवेलीत अडकला होता. जाळं टाकायला निघालेल्या एका ढिवर काकांना त्याची ओरड ऐकू आली आणि त्यांनी त्याला डोंग्यात ओढून घेतलं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो काठावर कुडकुडत बसला होता. बोलत नव्हता. आज त्याचा संसार छान चाललाय, पण पाण्यात तो पुन्हा उतरला नाही.

सगळ्यांच्या नशिबात तो डोंगा नसतो. जुलै २०१७ मध्ये वेणा धरणावर सहलीला गेलेल्या नागपूरच्या तरुणांची बोट उलटली आणि त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत. दर पावसाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या रविवारी तसेच निघतो.

म्हणून आता कुठल्याही ग्रुपबरोबर जाताना मी त्यांचे फोटो बघत नाही. ते माणसं मोजतात का, एवढंच बघतो. गाडीत बसताना, जंगलात शिरताना, पाण्यातून बाहेर आल्यावर. जो मोजतो, तो बाकीचंही नीट करतो. दोर तपासतो, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघतो, पाऊस वाढला तर ट्रेक रद्द करतो आणि तुमच्या शिव्या खातो.

घाम न गाळता!

सगळ्यांनीच २०० किलोमीटर सायकल मारावी असं थोडंच आहे? आमच्या ग्रुपमधली एक ताई सीए आहे. तिला पक्ष्यांचं वेड. सकाळी सहाला अंबाझरीवर दुर्बीण आणि वही, नऊला घरी, अकराला क्लायंटसमोर हजर. खर्च जवळपास शून्य! सुरुवात करायला नोव्हेंबर बेस्ट. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

रात्रीचे पक्षी असाल, तर पेंचला जा. महाराष्ट्रातला पेंच २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. शहरात चार तारे मोजणाऱ्या माणसाला तिथे आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तेव्हा बडबड आपोआप बंद होते. आणि उन्हाळ्यात, नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना, बुद्धपौर्णिमेची मचाण असते. वनखात्याकडे आधी नाव नोंदवायचं, पाणवठ्याकाठी मचाणावर रात्र काढायची. टॉर्च नाही, गप्पा नाहीत. वाघ दिसेलच याची गॅरंटी नाही, पण चांदण्यात पाण्यावर आलेलं सांबर दिसलं तरी जागरण वसूल.

आजीचा क्लब

हे सगळं आपल्या पिढीने शोधून काढलं, असा माझा समज होता. तो आजीने मोडीत काढला. आजी तरुणपणी नागद्वारला जायची. पचमढीच्या डोंगरात नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवस ती वाट उघडते आणि विदर्भातून माणसांचा लोंढा निघतो. भर पावसात, दऱ्याखोऱ्यांतून, लोखंडी शिड्यांवरून. वाटेत जेवणाची सोय करायला आपल्याकडची मंडळं महिनाभर आधीपासून तयारीला लागतात. बूट नाहीत, सॅक नाही, रेनकोट नाही. आजी नऊवारीत!

मी ब्रेव्हेची फजिती सांगितल्यावर ती खूप हसली. मग म्हणाली, ‘‘आमच्यात पुढं एक जाणता, मागं एक जाणता. मुक्कामाला पोचलं की आधी माणसं मोजायची. मोजल्याशिवाय चूल पेटत नसे.’’

म्हणजे काका जे शिकवत होते, ते आजीला केव्हाच पाठ होतं.

मागच्या हिवाळ्यात मी २०० पूर्ण केली, १२ तास ५० मिनिटांत. मेडल मिळालं. पण त्याहून भारी वाटलं ते नंतर. शेवटच्या थांब्यावर काकांच्या शेजारी यादी घेऊन बसलो होतो. सव्वासातला एक नाव उरलं होतं, एक पोरगी, पहिलीच ब्रेव्हे. सात सव्वीसला लांबून तिचा दिवा दिसला. काकांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘मार टिक.’’

पैसे भरण्याआधी हे विचारा!

* नोंदणी आहे का? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे. जमीन, पाणी, हवा, तिन्हीकडचे प्रकार त्यात येतात आणि आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नंबर मागायला लाजू नका.
* किती माणसांमागे किती लीडर? सगळ्यात पुढे कोण आणि सगळ्यात मागे कोण?
* प्रथमोपचार कुणाला येतो? जवळचा दवाखाना किती दूर?
* पाण्याचा खेळ असेल, तर तुमच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? ‘जवळच तर जायचंय’ असं उत्तर आलं, तर गुपचूप घरी या.
* ‘हवामान बिघडलं तर काय?’ यावर ‘बघू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘रद्द करू’ म्हणणारा बरा.
* आणि एक तुमच्यासाठी : अर्ध्यातून परतलात तर फोन करा. कुणीतरी तुम्हाला मोजत बसलेलं असतं!